जाळीआडून काय दिसते: ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या एका वाड्याचे लेझर स्कॅनिंग

ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर मानमंदिर पाहायला आलेल्या पाहुण्यांना तिथले मार्गदर्शक चौकाभोवतीच्या दगडी जाळ्या दाखवतात आणि सांगतात, की राजस्त्रिया या जाळ्यांमागे बसून चौकातले गायन ऐकत, गाणाऱ्यांना पाहत, आणि त्या स्वतः मात्र कोणाच्या दृष्टीस पडत नसत. मानसिंह तोमराने 1486 ते 1516 या काळात राज्य केले आणि हा महाल त्याने बांधला, एवढे सांगून झाले की मंडळी तळघराकडे वळतात. जाळीबद्दलच्या त्या विधानापाशी मी मात्र नेहमी रेंगाळते, कारण ते मोजून तपासता येण्यासारखे आहे. कोणत्या जाळीमागून, किती उंचीवर बसल्यास, चौकाचा नेमका कोणता भाग दिसतो? समोरच्याला आतले दिसत नाही ते कशामुळे, आणि कोणत्या वेळी? जुन्या इमारतींची मोजणी व नोंदणी हा माझा व्यवसाय आहे, आणि लेझर स्कॅनर हाताशी आल्यापासून या प्रश्नांची उत्तरे आकड्यांत देता येऊ लागली आहेत. त्या आकड्यांत काय मावते आणि काय निसटते, ते एका वाड्याच्या आधारे येथे मांडत आहे.

आधी यंत्राविषयी थोडेसे. तिपाईवर बसवलेला स्कॅनर स्वतःभोवती सावकाश फिरतो, त्यातला आरसा वेगाने फिरत लेझरचा किरण वर-खाली फेकतो, आणि समोरच्या पृष्ठभागावरून परतलेल्या प्रकाशावरून प्रत्येक दिशेतले अंतर काढले जाते. प्रकाश एका नॅनोसेकंदात सुमारे 30 सेंटिमीटर जातो. किरणाला जाऊन परत यायचे असल्यामुळे तेवढ्या वेळात 15 सेंटिमीटरच अंतर मोजले जाते, म्हणजे मिलिमीटरपर्यंतच्या अचूकतेसाठी काही पिकोसेकंदांचा फरक ओळखावा लागतो. इमारतींच्या आतील कामासाठी वापरले जाणारे अनेक स्कॅनर म्हणूनच थेट वेळ न मोजता परतलेल्या प्रकाशलहरीची कला, म्हणजे लहरीच्या चढउतारातली तिची स्थिती, किती सरकली आहे, ते पाहतात. काही मिनिटांत कोट्यवधी बिंदू गोळा होतात. वेगवेगळ्या ठिकाणांहून केलेली स्कॅन एकत्र जुळवली की बिंदूंचा जो ढग तयार होतो, त्याला आम्ही सगळे पॉइंट क्लाउड म्हणतो.

बहुतेक कामांत हा पॉइंट क्लाउड नकाशे आणि छेद काढण्यासाठी वापरला जातो आणि तिथेच त्याचे काम संपते. दृश्यतेच्या अभ्यासात मात्र एक स्कॅन म्हणजे मुळात काय, याकडेच लक्ष द्यावे लागते. स्कॅनरचा किरण सरळ रेषेत जातो आणि पहिल्या अडथळ्यावर थांबतो, डोळ्याची दृष्टिरेषाही तशीच वागते. तिपाईची उंची माणसाच्या डोळ्याएवढी ठेवली, की त्या जागी उभ्या असलेल्या माणसाला जे जे दिसू शकते तेवढेच स्कॅनमध्ये उतरते, अंतरासकट. एका बिंदूवरून दिसणाऱ्या अवकाशाला वास्तुकलेच्या अभ्यासात आयसोव्हिस्ट म्हणतात. ही संज्ञा 1967 मध्ये टँडी यांनी वापरली, आणि 1979 मध्ये मायकेल बेनेडिक्ट यांनी तिला गणिती रूप दिले: दिसणाऱ्या क्षेत्राचे क्षेत्रफळ, त्याच्या कडेची लांबी, त्यातला किती भाग भिंतींनी बांधलेला आहे आणि किती भाग नुसत्या आडोशाच्या कडांनी तुटलेला आहे, अशी मापे त्यांनी सुचवली. लंडनच्या बार्टलेट या वास्तुकला संस्थेत, जागेची मांडणी आणि माणसांचा वावर यांचा संबंध अभ्यासणाऱ्या बिल हिलियर यांच्या परंपरेत काम करणाऱ्या ॲलेस्डेअर टर्नर व सहकाऱ्यांनी 2001 मध्ये त्यापुढचे पाऊल टाकले. सगळ्या जागेवर बिंदूंची जाळी आखायची, परस्परांना दिसणारे बिंदू रेषेने जोडायचे, आणि तयार झालेल्या आलेखावरून कोणती जागा सर्वांच्या नजरेत आहे व कोणती आडोशाला आहे ते काढायचे, अशी ही पद्धत आहे.

त्यांची पद्धत मुख्यतः नकाशावर, म्हणजे एका आडव्या पातळीवर चालते. कार्यालय, संग्रहालय किंवा रस्त्यांचे जाळे असेल, तर त्यातून खूप काही कळते. आपल्याकडच्या जुन्या इमारतींना ती अपुरी पडते, कारण इथे पाहण्याचा सगळा व्यवहार तिरका आहे: माडीवरून चौकात, झरोक्यातून रस्त्यावर, सज्जातून दरबारात. शिवाय नकाशावर जाळी दाखवायची कशी, हा प्रश्न उरतोच. ती भिंत आहे, कारण तिच्यातून जाता येत नाही, आणि ती खिडकीही आहे, कारण तिच्यातून दिसते. एका वाड्याच्या पूर्वी झालेल्या मोजणीचा नकाशा माझ्यापाशी आला होता, त्यात माडीच्या सगळ्या जाळ्या काळ्या भरीव रेषेने भिंतीसारख्या दाखवलेल्या होत्या. त्या नकाशावर दृश्यतेचे गणित केले असते, तर घरातल्या बायकांना अंगणात काय चालले आहे याचा पत्ताही नव्हता, असा निष्कर्ष निघाला असता.

मी ज्याविषयी लिहीत आहे तो वाडा ग्वाल्हेरच्या लष्कर या भागात, महाराज बाडा या चौकापासून फार लांब नसलेल्या एका गल्लीत आहे. शिंद्यांच्या पदरी असलेल्या एका मराठी कुटुंबाचा तो आहे आणि घरच्यांनी आपणहून नोंदणीसाठी मला बोलावले होते. मांडणी आपल्याकडची, म्हणजे देवडी, मग चौक, समोर ओटी, मागे माजघर व देवघर, आणि वर माडी. कारागिरी मात्र इथली. ओटीच्या वरच्या माडीला चौकाच्या बाजूने लाकडी कठड्याऐवजी ग्वाल्हेरच्या वालुकाश्माची कोरीव जाळी आहे. किल्ल्यावर आणि शहराच्या हजिरा भागातल्या कबरीवर ज्या हातांनी दगड कोरला, त्यांच्या पुढच्या पिढ्यांनी मराठी सरदारांच्या घरांना दिलेले हे देणे आहे, असे मला वाटते, आणि लष्करातल्या घरांचे पुण्याच्या वाड्यांहून वेगळेपण मला सर्वांत जास्त तिथेच जाणवते.

या जाळीची छिद्रे सुमारे 4 सेंटिमीटर रुंद आहेत आणि दगडाची जाडी सुमारे 5 सेंटिमीटर. दिसण्याच्या दृष्टीने हे दोन आकडे निर्णायक आहेत. जाळीकडे अगदी समोरून पाहिले तर छिद्र पूर्ण उघडे असते, आणि नजर जसजशी तिरकी होते तसतशी दगडाची जाडी आड येते. 4 भागिले 5 म्हणजे 0.8, आणि त्यावरून येणारा कोन सुमारे 39 अंशांचा. त्यापेक्षा तिरकी कोणतीही दृष्टिरेषा या छिद्रांतून पार होऊ शकत नाही. आता माडीची जमीन चौकापासून 4 मीटर उंचीवर आहे आणि तिथे मांडी घालून बसलेल्या बाईचा डोळा त्या जमिनीपासून सुमारे 80 सेंटिमीटर. म्हणजे डोळा चौकाच्या 4.8 मीटर वर. 39 अंशांनी खाली उतरणारी रेषा भिंतीपासून बरोबर 6 मीटर अंतरावर फरशीला टेकते, आणि उभ्या माणसाच्या चेहऱ्याच्या उंचीवर, म्हणजे दीड मीटरवर, ती भिंतीपासून साधारण 4 मीटरवर असते. चौक 9 मीटरांचा आहे. याचा अर्थ देवडीतून आत आलेला माणूस चौकाच्या मध्यापर्यंत येईतो त्याचा चेहरा माडीवरून स्वच्छ दिसतो आणि तो ओटीच्या पायरीकडे सरकला, की जाळीच्या कक्षेतून बाहेर पडतो.

हे गणित मी माडीवरच संगणकावर करत बसले असताना घरातल्या आजी शेजारी येऊन बसल्या. नव्वदीच्या घरातल्या, लग्न होऊन याच वाड्यात आलेल्या. मी त्यांना विचारले, "आजी, इथून कोण आलं ते दिसायचं का हो?"

"दिसायचं तर! देवडीतून पाऊल आत पडलं की कळायचं. पण पायरीशी आला की दिसेनासा व्हायचा, मग आवाजावरून ओळखायचं."

संगणकाच्या पडद्यावरची सीमारेषा आणि आजींनी हाताने दाखवलेली जागा यांत वीतभरही अंतर नव्हते. तरीही त्यांची पुढची गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटली, कारण ती माझ्या गणितात कुठेच नव्हती. "संध्याकाळी माडीवर दिवे लागले की जाळीपाशी बसायचं नाही, असं सासूबाईंनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. गणपतीत चौकात पेट्रोमॅक्स टांगायचे, तेव्हा मात्र रात्री उशिरापर्यंत बसत असू."

भूमितीच्या दृष्टीने दृष्टिरेषा दुतर्फा असते. अ बिंदूवरून ब दिसत असेल तर ब वरून अ दिसलाच पाहिजे, आणि टर्नर यांच्या आलेखातही दोन बिंदूंना जोडणाऱ्या रेषेला दिशा नसते. लेझर स्कॅनही हेच सांगतो: चौकात तिपाई लावली तर जाळीच्या छिद्रांतून किरण माडीत शिरतात आणि मागच्या भिंतीवर ठिपके उमटतात, म्हणजे यंत्राच्या लेखी आतली खोली "दिसते". जाळी मात्र बांधलीच जाते ती हा दुतर्फीपणा मोडण्यासाठी. तो मोडतो दोन कारणांनी. एक म्हणजे डोळ्याचे जाळीपासूनचे अंतर. छिद्रापासून 10 सेंटिमीटरवर डोळा असेल तर 4 सेंटिमीटरचे छिद्र सुमारे 23 अंशांचा कोन व्यापते, आणि मान किंचित हलवली की सगळा चौक तुकड्यातुकड्यांनी नजरेखालून जातो. तेच छिद्र 10 मीटरवरून पाहिले तर अंशाच्या पाव भागाहूनही लहान दिसते, आणि त्याच्या आड असलेल्या चेहऱ्याचा एका वेळी एखादा तुकडाच नजरेस पडतो. दुसरे कारण प्रकाशाचे. भर उन्हात चौकातला प्रकाश 1,00,000 लक्सच्या (लक्स हे उजेड मोजण्याचे एकक) आसपास जातो, माडीच्या आत तो 100 लक्सही असला तर पुष्कळ. उन्हात तळपणाऱ्या दगडाकडे पाहणाऱ्या डोळ्याला त्यातली छिद्रे काळीच दिसणार. दिवस मावळला, आत दिवा लागला आणि चौक अंधारला, की हे सगळे प्रमाण उलटे होते. सासूबाईंची ताकीद ही प्रकाशाच्या या उलटापालटीची नेमकी जाण होती, आणि पेट्रोमॅक्सने ती पुन्हा सुलटी करून दिली.

म्हणून माझे ठाम मत असे झाले आहे, की जाळी असलेल्या इमारतीत दृश्यतेचा एकच नकाशा काढणे हे अर्धे काम आहे. निदान दोन काढावेत, एक आतून बाहेरचा आणि एक बाहेरून आतला, आणि शक्य असेल तर दोन्ही दुपारचे व दिवेलागणीनंतरचे. त्यासाठी स्कॅनच्या जोडीला त्याच तिपाईवरून वेगवेगळ्या उघडझापेची (एक्स्पोजरची) छायाचित्रे घेऊन, लक्समीटरच्या नोंदींशी जुळवून, पृष्ठभागांची प्रत्यक्ष उजळता काढावी लागते. स्कॅनर प्रत्येक बिंदूबरोबर परतलेल्या किरणाची तीव्रताही नोंदवतो, आणि करड्या रंगातले ते चित्र इतके सुंदर असते की त्यालाच प्रकाशाची नोंद समजण्याचा मोह होतो. ती तीव्रता यंत्राच्या स्वतःच्या लेझरची असते, आणि हा लेझर बहुधा डोळ्याला न दिसणाऱ्या अवरक्त पट्ट्यातला असतो. चौकात ऊन किती होते, हे त्यावरून कळत नाही.

तांत्रिक अडचणींत सर्वांत त्रासाची अडचण छिद्रांच्या कडांची. लेझरचा किरण म्हणजे गणितातली रेषा नसते, त्याला काही मिलिमीटर जाडी असते. तो छिद्राच्या कडेवर पडला की थोडा प्रकाश दगडावरून परततो आणि थोडा मागच्या भिंतीवरून, आणि यंत्र दोन्हींच्या मधले कुठले तरी अंतर नोंदवते. परिणामी जाळीमागे हवेत तरंगणाऱ्या बिंदूंच्या शेपट्या तयार होतात. नकाशा काढताना त्या नजरेआड करता येतात. दृश्यतेच्या गणितात मात्र असा प्रत्येक बिंदू अडथळा ठरतो आणि प्रत्यक्षात मोकळ्या असलेल्या दृष्टिरेषा बंद पडतात. या शेपट्या काढून टाकणारी सॉफ्टवेअरमधली तयार चाळणी जास्त कडक लावली, तर ती दगडाच्या बारीक कडाही खाऊन टाकते आणि छिद्रे प्रत्यक्षाहून मोठी होतात. या वाड्यात मी एकेका छिद्राचे माप कॅलिपरने घेऊन त्यावर चाळणी बेतली. कंटाळवाणे काम आहे, पण त्याला पर्याय मला सापडलेला नाही.

याच्या जोडीचा दुसरा प्रश्न घनांच्या आकाराचा. दृष्टिरेषा तपासण्यासाठी पॉइंट क्लाउड छोट्या घनांत विभागतात आणि ज्या घनात बिंदू आहेत तो भरलेला मानतात. इमारतीसाठी 5 सेंटिमीटरचा घन सोयीचा म्हणून सर्रास वापरला जातो. 4 सेंटिमीटरचे छिद्र त्यात पूर्ण बुजते आणि जाळीची पुन्हा भिंत होते, म्हणजे त्या जुन्या नकाशापाशी आपण परत येतो, यावेळी महागड्या यंत्रासकट. घन 1 सेंटिमीटरचा घेतला तर 10 मीटर लांब, 10 मीटर रुंद आणि 5 मीटर उंच जागेत 50 कोटी घन होतात, 5 सेंटिमीटरच्या घनांनी तेच काम 40 लाखांत भागते. बिंदूंच्या जोड्या तपासायला घेतल्या, तर एक लाख बिंदूंच्याच सुमारे 500 कोटी जोड्या होतात. म्हणून सगळीकडे एकच माप न ठेवता जाळीपाशी बारीक आणि मोकळ्या चौकात जाड घन ठेवणारी रचना वापरणे भाग पडते. तीत आणखी एक सोय आहे, "रिकामा" घन आणि "माहीत नसलेला" घन यांत तिथे फरक करता येतो. ज्या कोपऱ्यात कोणत्याही तिपाईवरून किरण पोहोचलाच नाही, तो कोपरा मोकळा आहे असे धरणे ही दृश्यतेच्या अभ्यासातली सर्वांत धोकादायक गोष्ट आहे, कारण चुकीचे उत्तर येते आणि ते अगदी नीटनेटके दिसते.

आरशांचा विषय वेगळाच आहे. या वाड्याच्या दिवाणखान्यात पुरुषभर उंचीचा जुना आरसा आहे. आरशावर पडलेला किरण परावर्तित होऊन समोरच्या भिंतीपर्यंत जातो आणि यंत्र मात्र तो सरळ गेला असे समजते, त्यामुळे पॉइंट क्लाउडमध्ये भिंतीपलीकडे एक दुसरा, उलटा दिवाणखाना उभा राहतो. शिंद्यांच्या जयविलास राजवाड्यातल्या दरबारासारख्या आरसे आणि काचेची झुंबरे यांनी भरलेल्या दालनात असे किती आभासी दरबार तयार होतील, याची कल्पना करता येते. नेहमीची रीत म्हणजे हे खोटे बिंदू पुसून टाकणे. मोजणीसाठी ते योग्यच आहे. पण आरशात माणसाला खरोखरच दिसते, आणि या आरशात माजघराच्या दारातून दिवाणखान्याचा अर्धा भाग दिसतो. खोटी खोली पुसायची आणि आरसा हा परावर्तन करणारा पृष्ठभाग म्हणून गणितात ठेवायचा, असे दोन्ही करावे लागते. आरसा त्या जागी मुद्दाम लावला होता का, हे घरात आता कोणालाच सांगता आले नाही.

या वाड्यानंतर हजिऱ्यातल्या सूफी संत महंमद घौसच्या कबरीकडे पाहण्याची माझी दृष्टी बदलली. सोळाव्या शतकातली ती इमारत चारी बाजूंनी दगडी जाळ्यांनी वेढलेली आहे, आणि त्याच आवारात तानसेनाची समाधी आहे, लहानशी, खांबांवर उभी, सगळीकडून उघडी. एकाच आवारात दृश्यतेची ही दोन टोके आहेत. घौसच्या कबरीत जाळी बाईमाणसांसाठी नाही, तिथे आत आणि बाहेर यांत पाहणारा आणि न दिसणारा असा भेद बहुधा कोणाला करायचा नव्हता. तिथे जाळी प्रकाश गाळते, ऊन मोडते, आणि आत फिरणाऱ्याला बाहेरची बाग तुकड्यांनी दाखवते. म्हणजे जाळी दिसली की तिच्यामागे पडदा होता असे गृहीत धरणे बरोबर नाही, आणि मानमंदिराच्या जाळ्यांबद्दल सांगितले जाते तेही प्रत्येक जाळीपाशी स्वतंत्रपणे तपासले पाहिजे. तिथे अंगणे लहान आहेत, अंतरे कमी आहेत, आणि 39 अंशांसारखी मर्यादा तिथे किती पडते हे दगडाची जाडी मोजल्याशिवाय सांगता येणार नाही. ही दोन्ही ठिकाणे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहेत आणि तिथे तिपाई लावायची तर रीतसर परवानगी हवी. तो अर्ज मी तयार करत आहे, आणि बसलेल्या माणसाच्या डोळ्याच्या उंचीवरून, जाळीच्या आतल्या बाजूने स्कॅन घेण्याची विनंती त्यात स्वतंत्रपणे लिहिली आहे.

वाड्यात मध्यंतरी एक व्यावहारिक प्रश्न उभा राहिला. पुढचा भाग पाहुण्यांना भाड्याने देण्याचा घरच्यांचा विचार आहे, आणि कबुतरे व धूळ यांवर उपाय म्हणून जाळीला आतून काच बसवण्याची सूचना कोणी तरी केली. स्कॅनवरून मी त्यांना दाखवले, की काच जाळीला चिकटून बसवली तर डोळा छिद्राजवळ नेता येतो आणि चौक पहिल्यासारखा दिसतो, पण ती सोयीसाठी हातभर आत सरकत्या चौकटीत बसवली तर डोळाही तेवढाच मागे जातो आणि छिद्राचा कोन 23 अंशांवरून 5 अंशांच्याही खाली येतो. शिवाय आत दिवा लावला की काचेत माडीचेच प्रतिबिंब दिसणार. शेवटी बारीक स्टीलची जाळी छिद्रांच्या आतल्या तोंडाशी लावून पाहायची, असे ठरले आहे. ती लावल्यावर मी पुन्हा स्कॅन करणार आहे, कारण तिनेही काही प्रकाश खाल्ला जाईल.

अशी नोंदणी करणाऱ्या सर्वांना एक कळकळीची विनंती आहे. काम सोपवताना बरेच जण सगळी स्कॅन एकत्र करून, सारख्या अंतरावर विरळ केलेला एकच पॉइंट क्लाउड देतात आणि मूळ फाइली जागा खातात म्हणून पुसून टाकतात. त्या एकत्रित ढगातून कोणता बिंदू कोणत्या तिपाईवरून दिसला ही माहिती गेलेली असते, आणि दृश्यतेच्या अभ्यासाला हवी असते ती नेमकी तीच. ई57 या खुल्या स्वरूपात प्रत्येक स्कॅन तिपाईच्या जागेसह व दिशेसह वेगळे जपून ठेवता येते. त्या फाइलींबरोबर प्रत्येक तिपाईची जमिनीपासूनची उंची, स्कॅनची वेळ, आणि त्या वेळी कोणती दारे-खिडक्या उघडी होती व कोणते दिवे लागलेले होते, एवढे एका कागदावर लिहून ठेवावे.